हाकेचं पान

दचकू नका, मीच बोलतेय. मी एक कादंबरी आहे, भुताची. एका शाळेच्या ग्रंथालयात, 'किशोर' अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात मी राहते. माझ्या मुखपृष्ठावर एक मुलगी आरशात बघतेय आणि आरशात तिच्या मागे आणखी कोणीतरी उभं आहे. ते चित्र बघून लहान मुलं मला हात लावत नाहीत आणि मोठी माणसं नाक मुरडतात. मधली जी असतात, धड लहान नाहीत न् धड मोठी नाहीत, ती माझी गिऱ्हाइकं.

भुताच्या गोष्टीला स्वतःला भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर मला फारसं काहीच वाटत नाही. छापखान्यात माझी पानं दुमडली, शिवली, माझ्या कडा धारदार पात्याखाली कापल्या, तेव्हाही काही दुखलं नाही. कागदाची जातच बधिर. म्हणून मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगते. कुणाला रडवायचं वगैरे माझ्या मनात नाही.

मला लिहिणाऱ्या बाई रसायनशास्त्र शिकवायच्या. भुतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. पण वर्गातली मुलं बाकाखाली काय वाचतात हे त्यांनी बरीच वर्षं पाहिलं होतं आणि एक दिवस त्यांनी स्वतःच तसलं लिहायला घेतलं. माझ्यातल्या मुलीची जिवलग मैत्रीण वारते आणि ही मुलगी तिला परत बोलावते, अशी माझी गोष्ट. बोलवायची रीत एका पानावर सविस्तर दिली आहे. वाडगाभर पाणी, त्यात मीठ, समोर आरसा, शेजारी गेलेल्या माणसाची रोजच्या वापरातली वस्तू. मग तीन हाका मारायच्या आणि मागे वळून बघायचं नाही.

छपाईच्या आधी त्या बाई प्रकाशकांकडे आल्या होत्या.

"हे पान मी बदलते," त्या म्हणाल्या. "सगळं घरात सापडणारं सामान आहे. पोरं खरंच करून बघतील."

"बघू देत की," प्रकाशक हसले. "भूत थोडंच येणार आहे?"

"येणार नाही, म्हणूनच म्हणतेय."

प्रकाशकांना त्यातलं काही उमगलं नाही. चहा आला, विषय बदलला, पान तसंच राहिलं.

शाळेत आल्यावर माझे दिवस बरे गेले. मुलं मला भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर घालून घरी न्यायची. एकटं वाचायला घाबरायची, म्हणून दोघं-तिघं मिळून वाचायची आणि एकमेकांच्या मानेवर गार हात ठेवायची. ते हाकेचं पान इतक्या वेळा उघडलं गेलं, की मला कुठेही ठेवा, मी आपोआप तिथेच उघडायला लागले. कोणीतरी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आलं का भूत?' त्याखाली दुसऱ्या अक्षरात उत्तर होतं, 'आलं होतं. गणिताचे पेपर तपासून गेलं.'

मग एका दुपारी धाकटी आली.

तिला घरी-दारी सगळे धाकटीच म्हणायचे, कारण तिच्यावर एक थोरली होती. थोरलीला त्या वर्षी ताप आला, दवाखान्यात नेली आणि ती तिथून परत आली नाही. आता घरात एकच मुलगी उरली होती. पण नाव बदलत नाही. कोणाहून धाकटी, असं कोणी विचारत नव्हतं.

शाळेत तिचं फार कौतुक व्हायचं. 'किती समजूतदार पोर आहे, रडत नाही, अभ्यास चुकवत नाही,' असं शिक्षक तिच्यादेखत बोलायचे. ती ऐकून घ्यायची. कोणी पाठीवर हात ठेवला की तो काढेपर्यंत थांबायची आणि मग आपल्या जागेवर जायची.

तिने मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा ग्रंथपाल बाईंचा हात क्षणभर घुटमळला.

"हे नको गं. ते प्रवासाचं नवीन आलंय, ते देऊ?"

"नको. हेच."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्यावर शिक्का मारला.

धाकटीचं घर एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आख्ख्या शहराच्या लिफ्ट त्यांनी चालत्या ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. यावरून पूर्वी घरात रोज थट्टा व्हायची. मी गेले तेव्हा होत नव्हती.

आई एका लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर काम करायची. संध्याकाळी ती आली की खोलीत वाफेचा वास यायचा. तिघं एकत्र जेवायची, पण बोलणं मोजकं. "गॅस बंद केला?" "केला." "उद्या पाणी उशिरा येणार आहे." "बरं." टीव्ही चालू असायचा, आवाज बंद करून. बाबा त्या मुक्या माणसांकडे बघत बसायचे.

आतल्या खोलीत दोन पलंग समोरासमोर होते. थोरलीच्या पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला असायचा. मुद्दाम कोणी टाकत नव्हतं, पण त्याच्या घड्या घालून तो पलंग रिकामाही कोणी करत नव्हतं.

धाकटीने मला एका दमात वाचलं नाही. ती वाचत वाचत हाकेच्या पानापर्यंत आली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर, आई-बाबा कामावरून यायच्या आत, तिने स्वयंपाकघरात मला ओट्यावर उघडं ठेवलं. वाडग्यात पाणी घेतलं, मीठ टाकलं. तेलाच्या डब्याला आरसा टेकवला. मग आतून ताईचा चष्मा आणला. जाड भिंगांचा होता, एक काडी सेलोटेपने जोडलेली. तो तिने वाडग्याशेजारी ठेवला. बाहेर लख्ख ऊन होतं, खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"ताई," तिने हाक मारली. थोडं थांबून पुन्हा, "ताई." आणि तिसरी.

माझ्यात या ठिकाणी आरशावर धुकं येतं आणि पाण्यावर तरंग उठतात. इथे आरशात ओट्यामागची फरशी दिसत होती आणि पाणी जागच्या जागी होतं. ती ते पाणी बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आशा दिसली नाही आणि निराशाही दिसली नाही. नळ येतोय का, हे बघणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. मग तिने पाणी ओतून दिलं, वाडगा धुतला, चष्मा जागेवर ठेवला आणि गृहपाठाला बसली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे तो परिपाठच होऊन गेला. दप्तर टाकायचं, हातपाय धुवायचे, हाका मारायच्या, गृहपाठ करायचा.

"मीठ कुठे जातंय गं एवढं?" एका संध्याकाळी आईने डबा हलवून विचारलं.

"सांडलं."

"रोज?"

धाकटीने गृहपाठाची वही उघडली. आईने पुढे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी येताना ती मिठाची नवी पिशवी घेऊन आली.

हे असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका दुपारी कामावर बाबांचं बोट चेमटलं, त्यांनी पट्टी बांधून घेतली आणि ते लवकर घरी आले. धाकटी ओट्यापाशी उभी होती, दाराकडे पाठ करून.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

ती वळली नाही.

"ताईचा चष्मा इथे कशाला काढलास?"

"थांबा ना बाबा," ती पुटपुटली, "दोन झाल्यात, एकच राहिलीय."

बाबा पुढे आले. त्यांनी वाडगा पाहिला, आरसा पाहिला, मग मला उचलून ते पान वाचलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा उचलला, पट्टी बांधलेल्या हाताने जमेल तसा पुसला, आतून चष्म्याचं घर आणून त्यात घातला आणि आपल्या खिशात ठेवला.

"हे पुस्तक कुठून आणलंस?"

"शाळेतून."

"शाळेतून," ते म्हणाले आणि मला मिटून त्यांनी बगलेत मारलं.

दुसऱ्या दिवशी ते कामाच्या कपड्यांतच शाळेत गेले. मला त्यांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटलं. ग्रंथपाल बाईंनाही बोलावून घेतलं होतं.

"हे असलं वाचायला देता पोरांना? माझी मुलगी रोज घरात मेलेल्या माणसाला हाका मारतेय. रोज! आम्ही दोघं कामावर. तिला काही झालं असतं तर?"

मुख्याध्यापकांना भांडण नको होतं. ते बाईंकडे वळले. "भुताखेतांची जेवढी असतील तेवढी आजच्या आज काढून टाका. कशाला हवीत ती?"

"काढते," बाई म्हणाल्या. मग त्या बाबांकडे वळल्या. "पण तुम्ही एकच पान वाचलंय. एकदा सगळं वाचा. वाचून झाल्यावर काढा म्हणालात, तर मी स्वतः काढेन."

"मला काय करायचंय वाचून?"

"तिने हे मागितलं तेव्हा मी अडवायला हवं होतं का, मला अजून कळत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "मी दुसरं देत होते. पण इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच काहीतरी मागत होती हो. मला नाही म्हणवलं नाही."

बाबा दाराकडे वळले. जाताना मात्र त्यांनी मला उचललं आणि हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या शेजारी टाकलं.

त्यांनी मला कामावर वाचलं. उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली असते, तिथे डबा खाऊन झाल्यावर ते भिंतीला टेकून बसायचे. वाचायची सवय नव्हती. ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून वाचायचे. माझ्या समासांत त्यांच्या ग्रीसच्या बोटांचे ठसे उमटले, ते अजून आहेत.

"काय रे, परीक्षा आहे का?" त्यांच्या जोडीदाराने एकदा विचारलं.

"हो," ते म्हणाले आणि पान उलटलं.

शेवटच्या पानापर्यंत ते गेले. मग काही दिवस मी पिशवीतच पडून राहिले. त्यांनी मला परत केलं नाही, आणि कोणाला काही सांगितलंही नाही.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी धाकटी शाळेत आणि आई लाँड्रीत गेली होती. दुपारी बाबांनी मला पिशवीतून काढलं आणि स्वयंपाकघरात त्या पानावर उघडं ठेवलं. वाडगा घेतला. मीठ किती, ते पुन्हा वाचून बघितलं. यंत्राचा भाग बसवताना बघतात तसं त्यांनी आरसा सरळ आहे ना, ते एक डोळा मिटून बघितलं. खिशातून चष्म्याचं घर काढलं. तो चष्मा त्या दिवसापासून त्यांच्या खिशातच होता.

त्यांनी थोरलीचं नाव घेऊन हाक मारली. अनोळखी घराचं दार वाजवतात, तसा आवाज होता. दुसऱ्या हाकेला तो अर्ध्यावरच अडकला. तिसरी त्यांच्याच्याने मारवेना. ओट्याला दोन्ही हात टेकून ते उभे राहिले.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. लाँड्रीतलं वाफेचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून बायकांना लवकर सोडलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थबकली.

"हे काय?"

"पुस्तकात आहे," बाबा खाली बघून म्हणाले. "ते शाळेतलं."

आई भडकेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी खांदे आवळून घेतले होते. पण तिने पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले आणि स्टूल ओढून ती ओट्यापाशी बसली. माझ्यातलं ते पान तिने सावकाश वाचलं.

"किती मारल्यात?"

"दोन."

"काय म्हणून?"

त्यांनी थोरलीचं नाव सांगितलं.

"अहो, नावाने कधी आलीय का ती?" आई म्हणाली. "पुस्तकात डोकं घालून बसली की नाव कानात शिरायचंच नाही तिच्या. आणि पहिल्या हाकेला तर जन्मात कधी आली नाही."

"मग?"

आईने घसा साफ केला. मग रोज संध्याकाळी मारायची तशी, आतल्या खोलीपर्यंत पोचेल अशी खणखणीत हाक मारली. "अगं ए, ऐकलंस का! ताट वाढलंय, ये लवकर!"

"आले, आले!" बाहेरून आवाज आला.

बाबांच्या हाताचा धक्का लागून वाडगा कलंडला. खारं पाणी माझ्यावर सांडलं, पानापानांत शिरलं. मला पुसायचं कोणाला सुचलं नाही.

माझ्यात अशा प्रसंगाची पुष्कळ वर्णनं आहेत. अंगावर सरसरून काटा येतो, रक्त गोठतं, किंकाळी घशात अडकते. त्या दोघांच्या चेहऱ्यावर यातलं एकही नव्हतं. आई अर्धवट उठली होती आणि हसत होती. तसं हसू माझ्या एकाही पानात लिहिलेलं नाही.

दार उघडं होतं. जिन्यावरून धावत आल्याने धापा टाकत धाकटी आत आली, खांद्यावर दप्तर, एक बूट काढलेला. दोघी बहिणींचा आवाज एकसारखा होता. तिने आधी आईचं हसू पाहिलं. मग आरसा, चष्मा, ओट्यावरून ठिबकणारं पाणी पाहिलं. तिला सगळं कळलं.

"मीच आहे," ती म्हणाली. चुकीच्या घरात शिरल्यावर माणूस म्हणतो, तसं.

आईच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

"मला नव्हती ना मारली हाक?" धाकटीने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. ती खरं तेच बोलली. मग तिने पाय लांबवून दुसरं स्टूल पुढे सरकवलं. "पण आलीस ना. ये. बस इथे."

धाकटी बसली. एका पायात बूट तसाच होता. थोड्या वेळाने तिने ओट्यावर नजर फिरवली.

"ताट वाढलंय म्हणालीस. कुठाय?"

ताट नव्हतं. भांडीसुद्धा सकाळची तशीच पडली होती. बाबा पुढे झाले, त्यांनी अंडी फोडून तव्यावर टाकली. पट्टीच्या बोटामुळे दोन खाली पडली. तिघांनी ओट्यापाशीच खाल्लं, उभ्या-बसल्या.

"तुम्हाला वाटलं होतं ती येईल?" धाकटीने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "करून बघितलं."

"मी पण. मला वाटलं, माझ्या हाकेला येत नसेल. लहान असताना मी सारखी मारायचे ना, उगाचच. ती वैतागायची."

"वैतागायची, पण यायची," आई म्हणाली. "मी मारली की यायची नाही. तुझ्या हाकेला यायची."

धाकटी ताटलीकडे बघत राहिली. कोणी रडलं नाही. मला लिहिणाऱ्या बाईंनी इथे नक्की रडायचा प्रसंग घातला असता. आईने तिचा उरलेला बूट काढला आणि तो हातात धरून बसून राहिली. बाबांनी फडक्याने ओटा पुसला, मग मला. त्या संध्याकाळी टीव्ही लावायचं कोणाला आठवलं नाही. धाकटीने पलंगावरचे कपडे खाली ओढले आणि तिघांनी मिळून त्यांच्या घड्या घातल्या. घड्या घालताना आईने थोरलीच्या आळशीपणाचे दोन किस्से सांगितले. बाबांनी तिसरा सांगितला, तो धाकटीने खोटा ठरवला आणि त्यावरून त्यांचं थोडं वाजलंही.

मला खिडकीतल्या दोरीवर वाळत घातलं. वाळले, पण पानं लाटांसारखी वाकडी झाली, ती झालीच.

काही दिवसांनी बाबा मला घेऊन ग्रंथालयात गेले.

"भिजलंय. भरून देतो."

"राहू द्या. वाचलंत?" बाईंनी विचारलं.

"वाचलं. शेवट मला पटला नाही."

"का?"

"ती मैत्रीण कायमची निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी ही पोरगी हसत शाळेत जाते. एवढ्या लवकर नाही होत तसं."

बाईंनी माझी वाकडी झालेली पानं चाळली. "मग काढून टाकू?"

"पटलं नाही म्हणून काढायचं का?" बाबा म्हणाले. "ठेवा. फक्त कोणी नेलं तर घरी कळवत जा. आई-बापांना म्हणावं, पोरगं हे वाचतंय, जरा लक्ष ठेवा. लक्ष म्हणजे पाळत नव्हे. नुसतं विचारा त्याला, की काय वाचतोयस."

बाईंनी मान डोलावली. मुख्याध्यापकांना त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. बाकीची भुतंही हळूहळू एकेक करून कपाटात परत आली आणि कोणी हरकत घेतली नाही.

आता मी वाकडीतिकडी, फुगलेली, पाठ ढिली झालेली अशी खालच्या फळीवर असते. नव्या गुळगुळीत पुस्तकांत मुलं मला चटकन उचलत नाहीत. याचं मला वाईट वाटतं का? सांगता येत नाही. वाटत असेल तर ते फार खोल, शिवणीपाशी कुठेतरी असेल.

आज मधल्या सुट्टीत धाकटी आली. बरोबर एक मैत्रीण होती, सारखी बडबड करणारी. तिने फळीवरून मला ओढून काढलं.

"शी, हे काय झालंय याला! हे वाचलंस तू?"

"अर्धं."

"का? भीती वाटली?"

"नाही. पुढे जावंसं वाटलं नाही." धाकटीने मला हातात घेतलं. माझ्या समासातला बाबांच्या बोटाचा ठसा तिने अंगठ्याने झाकून बघितला. "बाबा म्हणतात, शेवट चुकलाय."

"तुझे बाबा हे वाचतात?" मैत्रीण खिदळली. "मग बघूया ना, किती चुकलाय ते. पण मी पहिल्यापासून वाचणार हं. तू मध्येच काही सांगायचं नाहीस."

"नाही सांगत."

दोघी खिडकीजवळच्या बाकावर बसल्यात, खांद्याला खांदा लावून. मी दोघींच्या मांडीवर मिळून आहे. एक हावरटासारखी वाचते आणि पान उलटायची घाई करते. दुसरी तिचा हात धरून ठेवते आणि म्हणते, थांब, माझं व्हायचंय.

तेव्हा आता मला रजा द्या. माझं वाचन सुरू झालंय.